चार्लीला कोणी तारले?

आपल्याकडे एक म्हण आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. एखाद्या पोराचे घरी हाल होत असले, की शेजारीपाजारी ही म्हण सांगतात. ‘सोसू दे त्याला. सोसलं म्हणजे शहाणा होईल,’ असे म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात.

आमच्या रात्रीच्या वर्गातही ही म्हण निघते. पण तिच्या अगदी उलट बोलणेही तिथेच ऐकू येते. ‘आमचं लहानपण मातीत गेलं. बाप दारू प्यायचा, आई आजारी. शाळेचं तोंड पाहिलं नाही. आता आमचं काय व्हायचं?’ असे म्हणणारी माणसे आम्हाला दर वर्षी भेटतात.

मग खरे काय? घाव सोसल्याने माणूस घडतो, की मोडतो? नुसते बोलून याचा निकाल लागणार नाही. म्हणून आपण एका खऱ्या माणसाचे लहानपण पाहू.

हा माणूस आपल्या देशातला नाही. तो विलायतेतला, लंडन शहरातला. पण तुम्ही त्याला ओळखता. डोक्यावर गोल टोपी, नाकाखाली चिमूटभर मिशी, अंगात तोकडा कोट, खाली ढगळ विजार, पायात मोठाले बूट आणि हातात वेताची काठी. जत्रेच्या तंबूत, दूरदर्शनवर, नाहीतर हल्ली मोबाइलवर त्याला पाहून तुम्ही पोट धरून हसला असाल. त्याचे नाव चार्ली चॅप्लिन. त्याच्या लहानपणी मात्र हसण्यासारखे फार थोडे होते.

गाणारी आई, पिणारा बाप

चार्लीचा जन्म १६ एप्रिल १८८९ रोजी दक्षिण लंडनमध्ये झाला. आईचे नाव हॅना. तिला आधीचा एक मुलगा होता, सिडनी. तो चार्लीपेक्षा चार वर्षांनी मोठा.

आईबाप दोघेही रंगभूमीवर गाणारे. त्या काळी लंडनमध्ये गाणी, नाच आणि नकला यांचे खेळ चालत. लोक तिकीट काढून बसत आणि खातपीत खेळ बघत. बापाचा आवाज चांगला, नावही झालेले. पण त्याला दारूने धरले. चार्ली अगदी लहान असतानाच आईबाप वेगळे झाले. मुलांसाठी पैसे द्यायचे ठरले होते, पण ते वेळेवर कधी आले नाहीत. पुढे १९०१ साली, चाळिशीच्या आतच, दारूनेच त्या बापाचा जीव घेतला.

आई गाऊन घर चालवी. पण तिचा आवाज बसू लागला. १८९४ साली एका खेळात ती गाता गाता मध्येच अडखळली. समोर फौजेतले शिपाई बसले होते. ते ओरडू लागले, टिंगल करू लागले. आईला रंगमंच सोडून आत यावे लागले. तेव्हा चार्ली तिथेच होता. वय पाच वर्षे. व्यवस्थापकाने त्याचा हात धरून त्याला लोकांपुढे उभे केले.

पोराने गाणे म्हटले. लोकांनी पैसे फेकले. पोर गाणे थांबवून म्हणाले, की आधी पैसे वेचतो, मग गातो. लोक खो खो हसले. व्यवस्थापक रुमाल घेऊन पैसे गोळा करायला लागला. चार्लीला वाटले, हा पैसे स्वतःच ठेवणार! तो त्याच्या मागोमाग आत गेला. पैसे आईच्या हाती पडले तेव्हाच परत येऊन गायला लागला.

लोकांना मजा वाटली. पण पाच वर्षांच्या पोराला पैशाची एवढी चिंता का असावी, हे कोणाच्या मनात आले नसेल. त्या रात्री मुलगा पहिल्यांदा रंगमंचावर आला. आईचे गाणे मात्र तिथून संपत आले.

एका डझनाला दीड शिलिंग

गाणे सुटले तेव्हा आईने शिवण धरली. यंत्र भाड्याचे. घरी बसून ती झंपर शिवी. एक डझन झंपरांना दीड शिलिंग मजुरी मिळे. पूर्वी आपल्याकडे सोळा आण्यांचा रुपया होता, तसे तिकडे बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असे.

आता हिशेब करू. एका आठवड्यात तिने जास्तीत जास्त ५४ झंपर शिवले. ५४ म्हणजे साडेचार डझन. साडेचार डझनांचे किती झाले? पावणेसात शिलिंग. म्हणजे पौंडाचा जेमतेम तिसरा हिस्सा. यातून खोलीचे भाडे, कोळसा, तीन माणसांचे जेवण आणि यंत्राचे भाडे काढायचे. रात्र रात्र डोळे फोडून तिचे डोके दुखायला लागे. मग काम थांबे. काम थांबले की भाडे थके. शेवटी यंत्रवाले येऊन यंत्र उचलून घेऊन गेले.

सिडनीचा एक बरा कपडा होता. दर सोमवारी तो गहाण पडे आणि शनिवारी सुटून येई, म्हणजे रविवारी घालता यावा. असे करता करता कपडा विरला. मग गहाण घेणाराही ‘नको’ म्हणाला.

एवढ्यातही आईने मुलांना एक गोष्ट दिली. ती खिडकीत बसून रस्त्यावरची माणसे दाखवी. हा माणूस असा का चालतो? याचे बूट मळलेले का? हा घरून भांडून निघाला असेल का? मग ती त्या माणसाची चाल, त्याचे हात, त्याचे तोंड हुबेहूब करून दाखवी. मुले हसून लोळत. माणूस कसा बघावा आणि न बोलता कसा दाखवावा, हे चार्ली त्या खिडकीत शिकला. पुढे हीच विद्या त्याच्या पोटाला लागली.

वर्कहाऊस म्हणजे काय?

१८९६ साली मात्र सगळेच खुंटले. आई दोन्ही मुलांना घेऊन वर्कहाऊसमध्ये गेली.

वर्कहाऊस म्हणजे ज्यांना कोणाचाच आधार नाही अशा गरिबांसाठी सार्वजनिक खर्चाने चालवलेले घर. तिथे जेवण आणि निवारा मिळे. पण तिथे जाणे म्हणजे अब्रू गेली, असे लोक मानत. दारातच अंगावरचे कपडे काढून घेत आणि तिथले कपडे देत. शिवाय बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मुले तिसरीकडे. आईला आणि मुलांना एकत्र राहता येत नसे.

पहिल्या भेटीच्या दिवशी आई मुलांसमोर आली ती तिथल्या कपड्यांत. मुलांनी तिला ओळखले, पण ती एका आठवड्यात म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. मुले रडली. आई हसली. तिने खिशातून खोबऱ्याची मिठाई काढली. तिथल्या एका परिचारिकेला लेस विणून देऊन तिने ते पैसे मिळवले होते.

तीन आठवड्यांनी मुलांना हॅनवेल गावच्या मोठ्या शाळेत पाठवले. ही शाळा अशाच गरीब आणि अनाथ मुलांची. तिथे पोट भरे, पण मायेचे माणूस नव्हते. चार्लीच्या डोक्यात गजकर्ण झाले. त्याचे डोके भादरले, त्यावर आयोडीन फासले आणि त्याला इतर मुलांपासून वेगळे ठेवले. अशा मुलांकडे बाकीची मुले किळस आल्यासारखे बघत.

सिडनी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. तो लोणी लावलेला पाव लपवून धाकट्याच्या हाती सरकवी. चार्लीने म्हातारपणी आपले आयुष्य लिहिले, तेव्हाही तो पाव तो विसरला नव्हता.

याच शाळेत चार्ली आपले नाव लिहायला शिकला. आपले आडनाव कागदावर पाहून त्याला मोठी मौज वाटली. ते अक्षर आपल्यासारखेच दिसते, असे त्याला वाटले. वाचकहो, तुम्ही पहिल्यांदा आपले नाव लिहिले तो दिवस आठवा. म्हणजे त्याला काय वाटले हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले कळेल.

एक दिवस बागेत

१८९८ च्या जानेवारीत मुले हॅनवेलहून आईकडे परत आली. पण सहाच महिन्यांत तिघांना पुन्हा वर्कहाऊसच्या दारात उभे राहावे लागले. ऑगस्टमध्ये आईने एक युक्ती केली. आम्ही आता बाहेर जातो, असे सांगून तिने स्वतःला आणि मुलांना सोडवून घेतले. नियमच तसा होता. जाणाऱ्याला अडवता येत नसे.

तिघे बाहेर पडली. जायला घर नव्हते. सिडनीच्या रुमालात नऊ पेन्स बांधलेले होते. त्यातून त्यांनी काळ्या चेरी घेतल्या आणि केनिंग्टन बागेत बसून खाल्ल्या. कागदाचा चेंडू करून खेळले. दुपारी उरलेल्या पैशांत एक केक, एक खारवलेला मासा आणि दोन पेले चहा तिघांत वाटून घेतला. संध्याकाळी तिघे परत वर्कहाऊसच्या दाराशी हजर! अधिकारी चिडले. पुन्हा सगळी नोंद, पुन्हा कपडे वाफेत घालायचे. पण आईला आपली मुले एक दिवस मिळाली होती.

या दिवसाने गरिबी गेली का? नाही. पण आपण कोणाचे तरी आहोत, हे त्या मुलांना त्या दिवशी कळले. पोराच्या मनाला हे अन्नाइतकेच लागते.

एक पेला चहा

आईचे मन मात्र हळूहळू खचत गेले. त्याच वर्षी तिला मनाच्या आजाराच्या इस्पितळात ठेवावे लागले. ती बरी होऊन आली आणि पुन्हा आजारी पडली.

दरम्यान चार्ली पोरवयातच कामाला लागला होता. काही काळ तो मुलांच्या एका नाचणाऱ्या मंडळीत होता. पुढे पडेल ते काम त्याने केले. दुकानात पोऱ्या, डॉक्टरांकडे पोऱ्या, छापखान्यात पोऱ्या, काचेच्या कामावर मजूर. सिडनी आगबोटीवर नोकरीला गेला होता.

मे १९०३. चार्लीला नुकतेच चौदावे वर्ष संपले होते. तो घरी आला तेव्हा दारातल्या पोरांनी सांगितले, की तुझी आई वेडी झाली आहे. ती घरोघर जाऊन कोळशाचे तुकडे वाटत होती. मुलांच्या वाढदिवसाची भेट म्हणून! डॉक्टर आले. पोटाला अन्न नाही, हे त्यांनी लिहून ठेवले. चार्ली तिला हाताला धरून चालत इस्पितळात घेऊन गेला. ती अशक्तपणाने झोकांड्या खात होती.

‘आता तू कुठे राहणार?’ असे अधिकाऱ्यांनी विचारले. पुन्हा त्या शाळेत पाठवतील या भीतीने चार्ली खोटे बोलला. मावशीकडे जातो, म्हणाला. आणि रिकाम्या खोलीत एकटाच राहिला. लाकडे फोडणाऱ्यांबरोबर काम करून पोट भरू लागला.

सिडनी परत आल्यावर दोघे भाऊ आईला भेटायला गेले. आई म्हणाली, की त्या दिवशी तू मला एक पेला चहा दिला असतास, तर मी बरी झाले असते. हे शब्द चार्लीच्या मनात कित्येक महिने घुमत राहिले.

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. आईच्या आजाराचा दोष त्या पोराचा नव्हता. एका पेल्या चहाने तो आजार टळला नसता. पण घरात कोणी आजारी पडले, कोणी दारू प्यायला लागले, की मुले स्वतःलाच दोष देतात. ‘मी नीट वागलो असतो तर असं झालं नसतं,’ असे त्यांना वाटते. ती बोलत नाहीत म्हणून आपल्याला कळत नाही. अशा मुलाला जवळ घेऊन सांगावे लागते, की बाळा, यात तुझी चूक नाही.

ज्याला वाचता येत नव्हते असा नट

त्याच वर्षी चार्लीला नाटकात काम मिळाले. पगार आठवड्याला अडीच पौंड. त्याच्या हातात भूमिकेचे कागद दिले. तो मनातून घाबरला होता. ‘इथेच वाचून दाखव’ म्हणाले तर? कारण त्याला वाचता येत नव्हते म्हटले तरी चालेल. शाळा सतत तुटलेली. नावापुरती अक्षरे, बाकी अडखळणे.

नशीब, कोणी वाचायला सांगितले नाही. तो कागद घेऊन घरी आला. सिडनी खाटेवर बसला आणि त्याने एकेक वाक्य वाचले. चार्लीने ते ऐकले आणि म्हटले. तीन दिवसांत सगळी भूमिका तोंडपाठ झाली.

त्या रात्री सिडनी धाकट्यावर जळला असता तर? ‘मला वेळ नाही’ म्हणाला असता तर? जगाला चार्ली चॅप्लिन मिळाला असता की नाही, कोण सांगणार? एवढे खरे, की एका मुलाचे नशीब त्या रात्री दुसऱ्याच्या वाचता येण्यावर अवलंबून होते.

पुढे काय झाले?

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. सिडनी एका विनोदी नाटक मंडळीत शिरला आणि १९०८ साली त्याने धाकट्यालाही तिथे नेले. त्या मंडळीबरोबर चार्ली अमेरिकेला गेला. तिथे गावोगाव फिरताना तो जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तके घेऊन वाचू लागला. अज्ञानी राहण्याची त्याला लाज वाटू लागली होती. १९१४ साली तो सिनेमात आला आणि त्याच वर्षी गोल टोपीवाला तो भटक्या जन्मला.

त्या काळचा सिनेमा मुका होता. मधून मधून पडद्यावर चार शब्द येत, पण वाचता न येणाऱ्यालाही गोष्ट कळे. आईने खिडकीत शिकवलेली विद्या इथे उपयोगी पडली. १९१६ साली त्याला आठवड्याला दहा हजार डॉलर मिळू लागले. तो करार ठरवून देणारा कोण? सिडनीच.

चार्ली आपली भूक विसरला नाही. १९२१ सालच्या ‘द किड’ या चित्रपटात एका पोरक्या पोराला अधिकारी ओढून नेतात आणि भटक्या त्याच्यासाठी छपरांवरून धावतो. १९२५ सालच्या ‘द गोल्ड रश’मध्ये भुकेला माणूस बूट शिजवून मोठ्या चवीने खातो. लोक हसतात. हसता हसता काहींच्या डोळ्यांत पाणी येते. १९२१ साली मुलांनी आईला अमेरिकेत आणले. समुद्राजवळ घर घेतले, सेवेला माणसे ठेवली. १९२८ साली ती वारली.

आपल्या देशाशीही त्याची एकदा गाठ पडली. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी लंडनला गेले होते. गरीब वस्तीतल्या एका डॉक्टरांच्या घरी चार्ली त्यांना भेटला. यंत्रांना तुमचा विरोध का, असे त्याने विचारले. पूर्वी यंत्रांमुळेच आम्ही इंग्लंडवर अवलंबून राहिलो, असे गांधीजींनी समजावून सांगितले. पाच वर्षांनी, १९३६ साली, चार्लीचा ‘मॉडर्न टाइम्स’ आला. त्यात कारखान्याचे यंत्र माणसालाच कसे गिळते, ते त्याने दाखवले.

म्हण कितपत खरी?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. चार्लीला कोणी तारले? गरिबीने?

एका नामवंत लेखकाने लिहिले होते, की चार्लीला आपल्या गरिबीच्या दिवसांची ओढ वाटते. चार्लीला ते मुळीच पटले नाही. गरिबीत काही गोड नाही आणि तिने आपल्याला काही चांगले शिकवले नाही, असे त्याने उलट लिहिले. ज्याने ती भोगली त्याचे हे म्हणणे आहे. आपण ते मानावे.

घावांची खूणही राहिली. पुढे त्याने संसार मांडले आणि मोडले. तीन वेळा घटस्फोट झाला. पैसा आला म्हणजे लहानपण पुसले जाते, असे नाही. आणि हॅनवेलच्या त्या शाळेत त्याच्याबरोबर शेकडो मुले होती. त्यांनीही तेच घाव सोसले. त्यांची नावे आज कोणाला माहीत आहेत?

टाकीच्या घावाने मूर्ती होते खरी, पण टाकी जाणत्या हातात असेल तर. आंधळ्या घावाने दगड फुटतो.

चार्लीला गरिबीने तारले नाही. त्याला तारले माणसांनी. खोबऱ्याची मिठाई देणाऱ्या आईने. पाव लपवून आणणाऱ्या भावाने. खिडकीत शिकलेल्या विद्येने. आणि खाटेवर बसून वाचून दाखवलेल्या त्या कागदांनी.

आपण काय करायचे?

आपल्या गल्लीत, वाडीत, वस्तीत असे एखादे पोर असतेच. त्याला ‘सोस’ म्हणून सांगू नका. त्याला घरात बोलवा. जेवायला घाला. त्याचा अभ्यास घ्या. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण मिळालेच पाहिजे, असा कायदा आपल्या देशात २००९ साली झाला आहे. पोर शाळेत जात नसेल तर गुरुजींना, बाईंना सांगा. मूल संकटात असेल तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. घरात कोणाचे मन आजारी असेल तर ते लपवू नका. तापाला औषध घेतो, तसे याही आजाराला घ्यावे. त्यासाठी १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ सालापासून आहे. दोन्ही फोन फुकट आहेत.

आणि ज्यांचे लहानपण असेच गेले, त्यांना काय सांगावे? चौदाव्या वर्षी ज्याला आपली भूमिका वाचता येत नव्हती, त्या चार्लीने १९६४ साली आपले आयुष्य लिहून छापले. चांगले जाडजूड पुस्तक. तेव्हा त्याचे वय होते पंच्याहत्तर.

तुम्ही हा पाठ इथपर्यंत वाचलात. कोणी वाचून दाखवला नाही, स्वतः वाचलात. आज घरी गेल्यावर एका पोराला जवळ बसवा आणि यातले एक पान त्याला वाचून दाखवा.

वाचून झाल्यावर बोला

१. चार्लीच्या आईला एका डझन झंपरांना दीड शिलिंग मिळे. मग ५४ झंपरांचे किती? स्वतः हिशेब करून पाहा.

२. सिडनीने धाकट्या भावासाठी काय काय केले?

३. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.’ तुम्हाला ही म्हण पटते का? का पटते, किंवा का पटत नाही?

४. तुमच्या लहानपणी तुम्हाला कोणी आधार दिला? त्या माणसाचे नाव वहीत लिहा.